को फांगान: पौर्णिमेच्या रात्री हाड रिनलाच मुक्काम करावा का?

पाठपिशवी (पुणे):

नमस्कार. मी, माझा धाकटा भाऊ आणि एक मैत्रीण असे तिघे पाठीवर सॅक टाकून थायलंडच्या आखातातील को फांगान बेटावर आठ-दहा दिवस राहण्याचा विचार करत आहोत. दिवाळीच्या सुट्टीला जोडून तिघांनाही रजा मिळू शकते, त्यामुळे त्याच सुमारास जावे आणि तिथली फुल मून पार्टी, म्हणजे पौर्णिमेला किनाऱ्यावर रात्रभर चालणारा नाच, हीही गाठावी असा बेत आहे. बेत ठरला असला तरी काही बाबतींत आमचे एकमत होत नाही, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

पार्टी ज्या हाड रिन किनाऱ्यावर होते, तिथली बहुतेक होस्टेल्स पौर्णिमेच्या आसपास चार-पाच रात्रींचे आरक्षण एकत्र केल्याशिवाय खाट देत नाहीत, आणि दरही एरवीच्या कितीतरी पट लावतात. मैत्रिणीचे म्हणणे असे, की बेटाच्या दुसऱ्या टोकाला स्वस्त आणि शांत ठिकाणी राहावे व त्या एका रात्रीपुरते हाड रिनला जाऊन यावे. भावाच्या मते स्कूटर भाड्याने घेतली की हा प्रश्नच उरत नाही. मला मात्र रात्री दोन-तीन वाजता अनोळखी घाटरस्त्यावरून स्कूटरने परतण्याची कल्पना पसंत नाही.

दुसरे असे, की बँकॉकहून शेजारच्या को सामुई बेटाचे विमान इतके महाग दिसते की त्या पैशांत बेटावरचा निम्मा मुक्काम निघावा. रेल्वे आणि बोटीचा मार्ग कितपत भरवशाचा आहे? मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, तर तिथे उपासमार होईल का? आणि शेवटचा प्रश्न थोडा संकोचाने विचारते: गोव्यातले हणजूण, वागातोर, हरमल आम्ही पुष्कळ पाहिले आहे. तेच दृश्य विमानाचे तिकीट काढून पुन्हा पाहायला मिळणार असेल, तर जाण्यात अर्थ आहे का?

सांजवारा:

बाकी प्रश्नांकडे वळण्याआधी तारखेचे पाहा, कारण तुमचा बेत तिथेच अडखळतो आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर बेटावर चंद्रच दिसणार नाही. पूर्ण चंद्राची रात्र एक तर त्याआधी पंधरा दिवस, म्हणजे कोजागरीला, किंवा नंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेला मिळेल. अमावास्येच्या सुमारास बान ताई गावाकडे ‘ब्लॅक मून’ नावाने एक पार्टी होते, पण तुम्हाला अपेक्षित असलेली ती नव्हे.

याहून मोठी अडचण पावसाची आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो, म्हणून तिथेही तसेच असेल असे आपण गृहीत धरतो. फुकेत, क्राबी या अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्यांबाबत ते बरेचसे खरेही आहे. आखातातली सामुई, फांगान आणि ताओ ही तीन बेटे मात्र ईशान्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांच्या वाटेवर आहेत. त्यांचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आणि त्यातही नोव्हेंबर सर्वांत ओला. त्या दिवसांत समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि प्रवासी बंदरावर खोळंबतात. उलट आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्या शांत व्हावा म्हणून नारळ वाहतात, त्या सुमारास फांगानचा समुद्र सहसा शांतच असतो. रजा हलवता येत असेल तर जानेवारीअखेर ते एप्रिल किंवा जुलै-ऑगस्ट हा काळ निवडावा.

तारखेबाबत आणखी एक बारकावा आहे. बौद्ध धर्मातील काही मोठे दिवस पौर्णिमेलाच येतात: माघातील माखा बुचा, वैशाखातील विसाखा बुचा आणि आषाढातील आसान्हा बुचा. त्या आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भिक्षूंचा वर्षावास सुरू होतो. या दिवशी मद्यविक्रीवर निर्बंध असल्यामुळे पार्टी एक-दोन दिवस पुढेमागे ढकलली जाते. आपल्याला या पौर्णिमा परिचयाच्या असल्या, तरी कालनिर्णय पाहून तिकीट काढण्याचा मोह टाळावा, कारण अधिक मासाचा हिशेब दोन्हीकडे वेगळा आहे आणि काही वर्षी त्यांचा वैशाख आपल्यापेक्षा महिनाभर उशिरा येतो. त्या वर्षासाठी जाहीर झालेल्या पार्टीच्या तारखा पाहूनच विमानाचे आरक्षण करावे.

मुक्कामाबाबत मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने आहे. पौर्णिमेच्या आठवड्यात हाड रिन हे राहण्याचे ठिकाण उरत नाही. चार-पाच रात्री सलग भिंती थरथरत असतात, आणि ज्या बेटाचा बराचसा भाग डोंगर आणि जंगल आहे, त्याचा तुम्हाला पत्ताही लागत नाही. उत्तरेला चालोकलुम हे मासेमारांचे गाव आहे, तिथे माकुळ वाळत घातलेले दिसतात. वायव्येला माए हाड येथे ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्यावरून चालत को मा या छोट्या बेटावर जाता येते. ईशान्येला थोंग नाय पानचे दोन उपसागर आहेत. त्याच बाजूच्या थान सदेत ओढ्यावर राजा चुलालोंगकोर्न वारंवार येत असे, आणि तिथल्या खडकांवर त्याची कोरलेली आद्याक्षरे आजही पाहता येतात. पार्टीच्या रात्री बेटावर सगळीकडून सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाके बसवलेल्या सामायिक पिकअप गाड्या, हाड रिनकडे जात असतात. त्या गाड्यांनीच जावे आणि त्यांतूनच परतावे. स्कूटरचा विषय भावाने त्या रात्रीपुरता तरी सोडून द्यावा.

बँकॉकवासी:

सांजवारा यांच्या तारखेच्या आणि पावसाच्या मुद्द्यांशी पूर्ण सहमत आहे, मुक्कामाच्या मुद्द्याशी नाही. त्या रात्रीचा खरा धोका किनाऱ्यावर कमी आणि परतीच्या वाटेवर अधिक असतो, एवढे एक लक्षात घेतले की हिशेब बदलतो. बेटाचे मुख्य बंदर असलेल्या थोंग सालापासून बान ताईपर्यंत रस्ता सपाट आहे. बान खाईच्या पुढे हाड रिनपर्यंत मात्र तीव्र चढउतार आणि वळणे आहेत, उतारांवर वाळू साचलेली असते, आणि पहाटे त्या रस्त्यावर जाग्या असलेल्या लोकांतले निम्मे शुद्धीवर नसतात. तुम्ही सोंगथावात बसलात तरी समोरून येणारा स्कूटरवाला तुमच्या हातात नसतो. शिवाय सोंगथाव भरल्याशिवाय निघत नाही. मध्यरात्रीनंतर तिघांतल्या एकाला झोप आली, एकाला बरे वाटेनासे झाले आणि एकाला अजून नाचायचे आहे अशी वेळ आली, तर चालत दहा मिनिटांवर स्वतःची खाट असण्याची किंमत तेव्हा कळते.

म्हणून माझा सल्ला मधला आहे. हाड रिनला दोन बाजू आहेत. पूर्वेचा हाड रिन नोक, जिथे पार्टी होते, आणि त्याच्या पाठीमागे चालत काही मिनिटांवर असलेला पश्चिमेचा हाड रिन नाय. दुसऱ्या बाजूला, किंवा तिथून आणखी थोडे पुढे टेकडीच्या उतारावर, घरगुती बंगले मिळतात. त्यांपैकी काही जण थेट बोलल्यास दोन-तीन रात्रींसाठीही खोली देतात. आधी तिथे राहा, पार्टी पाहा, एक पूर्ण दिवस झोप काढा आणि मग उरलेले दिवस उत्तरेकडे जा. आधी उत्तरेला शांत राहून शेवटी हाड रिनला येण्याचा उलटा क्रम मी सुचवणार नाही, कारण मग पार्टीच्या दुसऱ्याच दिवशी सारे बेट एकाच वेळी बोटीवर चढायला धावते, त्या गर्दीत तुम्हीही सापडता, आणि विमान गाठायचे असेल तर जीव टांगणीला लागतो.

मार्गाविषयी. सामुईचा विमानतळ बँकॉक एअरवेजने बांधलेला खासगी विमानतळ आहे, आणि भाडे चढे असण्याचे ते एक मोठे कारण आहे. स्वस्त मार्ग सुरत थानीचा. बँकॉकहून सुमारे 650 किलोमीटरचा हा प्रवास रात्रीच्या शयनयान गाडीने सुखाचा होतो. दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या 2023 पासून जुन्या हुआ लाम्फोंगऐवजी क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकातून सुटतात, हे रिक्षावाल्याला नीट सांगावे. सुरत थानीचे रेल्वे स्थानक शहरात नसून फुनफिन या गावी आहे. तिथून बसने डोन साक बंदर आणि पुढे ‘राजा’ किंवा ‘सीट्रान’ या कंपन्यांची फेरी बोट. चुम्फोनला उतरून लोमप्रया कंपनीच्या वेगवान बोटीने को ताओमार्गे येणे हाही पर्याय आहे, मात्र ती बोट लाटांवर फार आपटते आणि ज्यांना बोट लागते त्यांनी त्या वाटेला न गेलेले बरे. बस आणि बोट यांचे एकत्रित तिकीट मिळते, तेच घ्यावे. वेगवेगळी तिकिटे काढून एक चुकले की पुढचे वाया जाते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. जुलै 2024 मध्ये भारतीय पारपत्रधारकांना व्हिसाविना 60 दिवस राहण्याची मुभा मिळाली, परंतु हे नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटाआधी दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. मे 2025 पासून आगमनाचे डिजिटल कार्ड पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरावे लागते. ते विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढताना दर वेळी 220 बाटच्या (बाट हे थाई चलन) आसपास शुल्क कापले जाते, म्हणून थोडे थोडे काढू नये.

आता भावासाठी. को फांगानला स्कूटर कोणीही देईल, परवाना विचारणारही नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा आणि त्यात दुचाकीच्या वर्गाची नोंद हवी, अन्यथा अपघात झाल्यावर प्रवास विमा हात वर करतो. पारपत्र तारण म्हणून ठेवून घेण्याची पद्धत आहे, त्याला नकार द्यावा आणि रोख अनामत देऊ करावी. ताब्यात घेताना गाडीचे चारी बाजूंनी चित्रीकरण करावे, म्हणजे जुन्या ओरखड्यांचे पैसे परत करताना द्यावे लागत नाहीत. दिवसा, हेल्मेट घालून, उत्तरेकडच्या रस्त्यांवर फिरायला स्कूटरसारखे साधन नाही, हे मीही मान्य करतो.

हरमलकर:

गोव्याशी तुलनेचा प्रश्न संकोचाने विचारण्यासारखा अजिबात नाही, कारण या दोन किनाऱ्यांचे नाते खरोखरच आहे. हणजूणच्या किनाऱ्यावर 1970 च्या दशकात हिप्पी मंडळी पौर्णिमेच्या रात्री जमत. पुढे तिथूनच जे ट्रान्स नावाचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत घडले, ते हिवाळा गोव्यात काढून पुढे थायलंडच्या बेटांवर जाणाऱ्या भटक्यांच्या सॅकमधून कॅसेटच्या रूपाने फिरत राहिले. हाड रिनची पार्टी 1980 च्या दशकात पॅराडाइज बंगलोज नावाच्या साध्या मुक्कामाजवळ काही मोजक्या प्रवाशांच्या जमावाने सुरू झाली, असे सांगतात. नेमके वर्ष प्रत्येक जण वेगळे सांगतो. आज तिथे गर्दीच्या महिन्यांत वीस-तीस हजार लोक येतात, किनाऱ्यावर प्रवेशासाठी शंभर-दोनशे बाटचे तिकीट असते, आणि एकाच वाळूवर एकमेकांना लागून डझनभर ध्वनियंत्रणा वाजत असतात. पन्नास पावले चाललात की संगीत बदलते. उत्तर टोकाच्या खडकावर चढलात तर संपूर्ण किनारा एकदम दिसतो आणि आवाज एकमेकांत मिसळून नुसती गाज उरते.

फरक कुठे आहे म्हणाल तर रात्रीच्या लांबीत. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर मोठा आवाज चालत नाही, निदान कागदोपत्री तरी नाही, आणि त्यामुळे गोव्याची रात्र बंद दालनांत शिरली. हाड रिनला दहा वाजता लोक नुकते जेवून उठलेले असतात, रंग मध्यरात्रीनंतर चढतो आणि सूर्य समुद्रातून वर येईपर्यंत टिकतो. ते पाहण्यासारखे आहे, एकदा. ज्याला संगीताचीच खरी आवड आहे त्याला मात्र ती पार्टी निराश करील, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे वाजते ते बहुतांशी सर्वांना ठाऊक असलेले, आणि अंगावर चमकते रंग फासून छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या नाचणाऱ्यांहून जास्त भरते. संगीतासाठी जायचे असेल तर पौर्णिमेच्या आधी-नंतर साधारण आठवडाभराने बान ताईच्या झाडीत होणारा हाफ मून महोत्सव पाहावा. तिकीट बरेच महाग, पण ध्वनियोजना नेटकी असते. हाड युआन आणि हाड तियन या पूर्वेच्या लहान खाड्यांकडेही छोट्या मैफली होतात. तिथे मुख्यतः हाड रिनहून लांब शेपटीच्या बोटीनेच जाता येते, आणि रात्री परतीची बोट आधी ठरवली नसेल तर नावाडी सांगेल तो दर द्यावा लागतो.

एक पाहा, बेटावरची रात्र म्हणजे केवळ नाच नव्हे. थोंग साला येथे रोज संध्याकाळी खाऊबाजार भरतो आणि शनिवारी जुन्या गल्लीत पायी फिरत पाहण्याचा बाजार असतो. स्थानिक कुटुंबे, दुकाने आवरून आलेले लोक आणि सॅकवाले प्रवासी एकाच बाकावर बसून जेवतात. मला विचाराल तर त्या बाजारातल्या दोन संध्याकाळींवरून मी पार्टीची एक रात्र ओवाळून टाकीन.

पाठपिशवी:

सर्वांचे मनापासून आभार. दिवाळी आणि अमावास्येचा मुद्दा घरी वाचून दाखवला, तेव्हा आई सर्वांत जास्त हसली. आता रजा फेब्रुवारीच्या अखेरीस मागत आहोत आणि त्या वर्षीच्या जाहीर तारखा पाहूनच पुढचे ठरवू. मुक्काम बँकॉकवासी यांनी सुचवल्याप्रमाणे आधी हाड रिन नाय आणि मग उत्तरेला, यावर तिघांचेही एकमत झाले आहे. जेवणाबद्दल आणि त्या रात्रीच्या सुरक्षिततेबद्दल कोणी लिहिले तर बरे होईल, कारण आम्हा दोघींना ‘सोबत राहा’ याखेरीज नेमके काय करावे हे कोणी सांगत नाही.

प्रथमोपचार:

आधी जेवणाचे. ‘जे’ हा एक शब्द पाठ करावा. त्या नावाच्या अन्नात मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या जेवणाशी ते बरेच जुळते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसले की ते ठिकाण त्याचे. नुसते ‘भाजी द्या’ म्हटले तर भाज्याच येतील, पण त्यात माशाचा अर्क, म्हणजे ‘नाम प्ला’, किंवा कालवांचे सॉस घातलेले असेल, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने ते मांसाहारात मोडत नाही. बेटाच्या पश्चिमेकडच्या श्रीथानू परिसरात योगवर्गांमुळे शाकाहारी उपाहारगृहे भरपूर आहेत, तिथे काहीच अडचण येणार नाही.

आता रात्रीचे. किनाऱ्यावर प्लास्टिकच्या बादलीत स्थानिक मद्य, कोला आणि थाई शक्तिवर्धक पेय एकत्र करून विकतात. ती एकट्याने संपवायची वस्तू नाही, आणि त्यातील उत्तेजक पेयामुळे किती चढली आहे याचा अंदाज येत नाही. घ्यायचेच असेल तर झाकणबंद बाटली डोळ्यांसमोर उघडून घ्यावी, पेला हातातून खाली ठेवू नये आणि अनोळखी माणसाने आणून दिलेले पेय नाकारावे, मग तो कितीही सज्जन वाटो. पायांत बंद बूट असावेत, कारण मध्यरात्रीनंतर वाळूत काचा असतात. पेटत्या दोरीवरून उड्या मारण्याचा खेळ लांबून पाहावा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भाजलेले पाय घेऊन आलेले लोक हमखास दिसतात, त्यांच्या शेजारी स्कूटरच्या तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजलेले.

मद्य घेतल्यावर समुद्रात उतरू नये, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. दिवसाही पोहताना किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली कुठे लावली आहे ते पाहून ठेवावे. या पाण्यात कधी कधी पेटीच्या आकाराचे अत्यंत विषारी जेलीफिश येतात, त्यांच्या दंशाने मृत्यूही झाले आहेत, आणि दंश झाल्यास चोळणे किंवा गोडे पाणी ओतणे टाळून आधी भरपूर व्हिनेगर ओतावे लागते. बेटावर सरकारी रुग्णालय आणि काही खासगी दवाखाने आहेत, परंतु गंभीर रुग्णाला बोटीने सामुईला न्यावे लागते, तेव्हा विमा काढताना रुग्णाला असे हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते पाहावे. रुग्णवाहिकेसाठी 1669 आणि पर्यटक पोलिसांसाठी 1155 हे क्रमांक तिघांच्याही फोनमध्ये असू द्यावेत. फोन हरवण्याची शक्यता मोठी असल्यामुळे मुक्कामाचे नाव थाई लिपीत लिहिलेली चिठ्ठी दोघींनी वेगवेगळी जवळ ठेवावी, आणि दर दोन तासांनी भेटण्याची जागा म्हणून एखादा मोठा बार न निवडता किनाऱ्यामागच्या रस्त्यावरचे एखादे औषधाचे दुकान निवडावे, जिथे दिवा असतो आणि गर्दी कमी असते.

कायद्याचे एक राहिले. गांजा तिथे 2022 मध्ये अमली पदार्थांच्या यादीतून काढला गेला, पण जून 2025 पासून तो वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि बाकी सर्व अमली पदार्थांसाठी शिक्षा कडक आहे. पौर्णिमेच्या रात्री साध्या वेशातले पोलीस असतात आणि हाड रिनच्या रस्त्यावर गाड्या थांबवून झडती घेतात. ई-सिगारेटवर आपल्याप्रमाणेच तिथेही बंदी आहे, दुकानात उघड विकली जात असली तरी.

बँकॉकवासी:

फेब्रुवारीअखेर हा उत्तम काळ आहे. फक्त माखा बुचा त्याच सुमारास येऊ शकतो, म्हणून तारीख जाहीर होईपर्यंत हाड रिनचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्यावे. सामुईहून पार्टीपुरत्या येणाऱ्या स्पीडबोटींचे स्वस्त प्रस्ताव तुम्हाला दिसतील, त्यांकडे दुर्लक्ष करावे. 2005 च्या जानेवारीत पार्टीहून परतणारी अशीच एक खचाखच भरलेली बोट बुडून अनेक जण दगावले होते. त्यानंतर तपासणी वाढली, तरी पहाटेच्या अंधारात दमलेल्या प्रवाशांना कोंबून निघणारी बोट आजही दिसते. पार्टीनंतरचा दिवस झोपेत गेला, की त्याच्या पुढच्या सकाळी हाड रिनहून थोंग सालाला सोंगथाव मिळेल आणि तिथून चालोकलुमला जाणारी दुसरी. मोठ्या सॅक गाडीच्या टपावर बांधतात, म्हणून पारपत्र आणि पैसे अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवा, आणि बसण्याआधी तिघांचे मिळून किती ते विचारून घ्या.